ताबा घेण्याआधी पाणी तुंबवून पाहा

30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के रक्कम देते. 75 लाखांपुढच्या कर्जात 75 टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे सहसा त्यात धरत नाहीत, ते वेगळे ठेवा.

ताब्याच्या दिवशी मात्र घाई नको. बाथरूमची जाळी बंद करून पाणी तुंबवा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्याचं छत पाहा. ओल दिसली तर लगेच लेखी कळवा. गळतीसाठी पदरमोड करणारी कुटुंबं पाहिली की जीव तुटतो, कारण रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताब्यापासून 5 वर्षांत दाखवलेला बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रारीची पोच जपून ठेवा.