नोकरीनिमित्त म्हैसूरला जाताना : परवडणारे भाड्याचे घर कोणत्या उपनगरात शोधावे?

म्हैसूर : दादरहून सुटणारी शरावती एक्स्प्रेस आणि पंढरपूरहून सुटणारी गोलगुंबज एक्स्प्रेस या गाड्यांतून म्हैसूरला उतरणाऱ्या मराठी प्रवाशांत पर्यटकांबरोबर नोकरीसाठी बिऱ्हाड हलवणारी कुटुंबेही असतात. माहिती तंत्रज्ञान, टायर व यंत्रनिर्मिती, अन्नप्रक्रिया, भाषासंशोधन आणि रेल्वे अशा अनेक क्षेत्रांतील रोजगार या शहरात आहे. मुंबई-पुण्याच्या तुलनेत येथील घरभाडे कमी असल्याने नवागत बहुधा सर्वात स्वस्त घराकडे वळतो. मात्र प्रवास, पाणी आणि अनामत रक्कम यांचा हिशेब केल्यावर हेच घर कधी कधी महाग पडते. त्यामुळे उपनगर निवडताना भाड्याच्या आकड्याआधी काही गोष्टी तपासणे हिताचे ठरते.

शहराची घडण

म्हैसूरच्या वसाहतींची रचना समजून घेतली की भाड्यातील तफावतही समजते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगची साथ आली, तेव्हा मुंबईत १८९८ मध्ये सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि पुढे दादर-माटुंग्यासारख्या आखीव वसाहती उभ्या राहिल्या. म्हैसूर संस्थानानेही त्याच अनुभवातून १९०३ मध्ये नगर सुधारणा मंडळ स्थापले. चामराजपुरम, लक्ष्मीपुरम यांसारखे रुंद रस्त्यांचे, मोकळ्या हवेचे विस्तार त्या काळातील नगररचनेची आठवण देतात. १९८८ पासून नगरविकास प्राधिकरणाने हे काम पुढे चालवले. विजयनगर, कुवेंपुनगर, रामकृष्णनगर, दट्टगळ्ळी या वसाहती अशाच आखणीतून विस्तारल्या. म्हणूनच येथील पत्त्यात ‘स्टेज’, ‘ब्लॉक’, ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ हे शब्द येतात. विजयनगरचा पहिला टप्पा आणि चौथा टप्पा नावाने एक असले, तरी अंतराने आणि सोयींनी वेगळे आहेत. पत्त्यातील टप्प्याचा आकडा न पाहता घर ठरवणे ही नवागताची नेहमीची चूक ठरते.

शहराभोवती सुमारे ४२ किलोमीटर लांबीचा बाह्य वळणरस्ता आहे. त्याच्या आतील जुन्या वसाहतींत भाडे सहसा जास्त असते आणि पलीकडील खासगी वसाहतींत कमी. हूटगळ्ळी, बोगादी, श्रीरामपुर यांसारखे भाग दीर्घकाळ ग्रामपंचायतींच्या अखत्यारीत होते. अलीकडच्या वर्षांत हूटगळ्ळीला नगरपरिषदेचा आणि बोगादी, श्रीरामपुर, रम्मनहळ्ळी व कडकोळ यांना नगरपंचायतीचा दर्जा मिळाला. प्रशासनाचे नाव बदलले, तरी जलवाहिनी, गटार आणि कचरा संकलन या सोयी प्रत्येक गल्लीत त्याच वेगाने पोहोचतात असे नाही. कमी भाड्यामागील एक मोठे कारण हेच आहे.

आधी दिशा, मग वसाहत

म्हैसूरमधील रोजगार एका ठिकाणी एकवटलेला नाही. तो परस्परविरुद्ध दिशांना विखुरलेला आहे. त्यामुळे ‘स्वस्त उपनगर कोणते’ या प्रश्नाचे उत्तर कार्यालयाच्या पत्त्यावर अवलंबून राहते.

उत्तर व वायव्य दिशेला हेब्बाळ, मेटगळ्ळी, कूर्गळ्ळी आणि बेळवाडी हा औद्योगिक पट्टा आहे. इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण संकुल, नोटांचे मुद्रणालय, टायर कारखाना आणि भारत अर्थ मूव्हर्सचा कारखाना याच बाजूला आहेत. येथे काम करणाऱ्यांना हेब्बाळ, हूटगळ्ळी आणि विजयनगरचे टप्पे सोयीचे पडतात. जवळच असलेले गोकुलम योगशिक्षणासाठी येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमुळे जगभर परिचित आहे. अशा मागणीच्या ठिकाणी भाडेही चढे राहते.

पश्चिमेला मानसगंगोत्री हा विद्यापीठाचा परिसर असून भारतीय भाषा संस्थान आणि वाक्-श्रवण संस्था याच भागात आहेत. तेथील अध्यापक-संशोधकांना सरस्वतीपुरम जवळ पडते, तर अधिक मोठे घर हवे असल्यास बोगादीचा विचार करता येतो.

दक्षिणेला नंजनगूड रस्त्यावर विमानतळ, कडकोळ आणि सुमारे २५ किलोमीटरवरील नंजनगूड औद्योगिक क्षेत्र आहे. या दिशेला काम असेल, तर श्रीरामपुर, जे. पी. नगर, विद्यारण्यपुरम आणि कुवेंपुनगर पाहावेत. म्हैसूर-चामराजनगर लोहमार्ग अशोकपुरम आणि कडकोळमार्गे नंजनगूडला जातो. कामाची पाळी गाडीच्या वेळेशी जुळत असेल, तर चामराजपुरम किंवा अशोकपुरम स्थानकाजवळील घर थोडे अधिक भाडे देऊनही परवडू शकते.

हिशेब कसा करावा

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, कार्यालयापासून ४ किलोमीटरवरील घराचे भाडे १५ हजार रुपये आहे आणि १२ किलोमीटरवरील तेवढ्याच घराचे १० हजार ५०० रुपये. वरकरणी ४ हजार ५०० रुपयांची बचत दिसते. दूरच्या घरामुळे दररोज १६ किलोमीटर अधिक धावावे लागेल, म्हणजे महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांत ४०० किलोमीटर. दुचाकी लिटरला ४० किलोमीटर जात असेल, तर १० लिटर पेट्रोल, म्हणजे अंदाजे हजार रुपये. देखभालीचे ४००, पाण्याच्या टँकरच्या वाट्याचे ८०० आणि मुलाच्या शाळेच्या गाडीचे वाढीव ९०० रुपये धरले, तर बचत १ हजार ४०० रुपयांवर येते. ताशी २५ किलोमीटर वेगाने रोजची सुमारे ३८ मिनिटे, म्हणजे महिन्याचे जवळपास १६ तास त्यासाठी खर्ची पडतात. नोकरी त्या दूरच्या घराच्याच बाजूला असेल, तर मात्र हा हिशेब उलटतो आणि स्वस्त घर खरोखरच स्वस्त ठरते.

पाणी कोणत्या नळाचे?

घर पाहताना विचारावयाचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा. शहराला कावेरी आणि कबिनी या नद्यांचे पाणी मिळते व त्याचे वितरण वाणी विलास जलपुरवठा विभाग करतो. वळणरस्त्यापलीकडील अनेक वसाहती आजही कूपनलिकेवर विसंबून आहेत. कूपनलिकेचे पाणी जड असते आणि उन्हाळ्यात ते आटले की टँकर मागवावा लागतो. म्हणून घरमालकाला ‘पाणी आहे का’ एवढेच विचारून थांबू नये. नदीचे पाणी येते की कूपनलिकेचे, आठवड्यातून किती वेळा येते, टाकी केवढी आहे आणि टँकरचा खर्च कोण उचलतो, हे विचारावे. शेजारच्या घरीही तोच प्रश्न विचारून पाहावा. शक्य असल्यास एप्रिल-मे महिन्यांत घर पाहावे, कारण पावसाळ्यात प्रत्येक घराला पाणी असते.

‘बाडिगे’ आणि ‘भोग्य’

महाराष्ट्रातून येणाऱ्यास करारातील फरक ध्यानात घ्यावा लागतो. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. कर्नाटकात ११ महिन्यांचा करार मुद्रांकावर करून नोंदणीविना ठेवण्याचा प्रघात आहे. त्यामुळे करारातील प्रत्येक शब्दाला अधिक महत्त्व येते. अनामत रकमेला येथे ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात. घर सोडताना रंगकामासाठी त्यातून एक महिन्याचे भाडे कापून घेण्याची रीत आहे. ती मान्य आहे की नाही, रक्कम किती दिवसांत परत मिळेल आणि वार्षिक भाडेवाढ किती, हे आधीच लिहून घ्यावे.

घरांवरील फलकांत ‘बाडिगे’ म्हणजे मासिक भाडे, तर ‘भोग्य’ म्हणजे एकरकमी ठेव. मुंबईतील हेवी डिपॉझिटशी साम्य असलेल्या या पद्धतीत काही लाख रुपये दोन-तीन वर्षांसाठी मालकाकडे ठेवले जातात, मासिक भाडे नसते आणि घर सोडताना रक्कम परत मिळते. दरमहाचा भार हलका होत असला, तरी आयुष्याची बचत एका कागदावर विसंबते. घर आधीच बँकेकडे गहाण असेल, तर भाडेकरू अडचणीत येतो. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो. रक्कम देण्यापूर्वी नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ संकेतस्थळावरून त्या मालमत्तेवरील बोजाचे प्रमाणपत्र काढावे आणि पैसे बँकेमार्फतच द्यावेत.

सवलतींचा लाभ

राज्य शासनाच्या दोन योजना भाडेकरूच्या मासिक खर्चाशी थेट संबंधित आहेत. ‘शक्ती’ योजनेअंतर्गत ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील रहिवासी महिलांना साध्या सरकारी बसमध्ये मोफत प्रवास आहे, परंतु त्यासाठी राज्यातील पत्ता असलेले ओळखपत्र लागते. ‘गृहज्योती’ योजनेत २०० युनिटपर्यंतच्या घरगुती वीजवापरावर मिळणारी सवलत भाडेकरूंनाही खुली आहे. मात्र सवलतीची मर्यादा त्या घराच्या मागील सरासरी वापराशी निगडित असते. आधीच्या भाडेकरूची नोंद रद्द झाल्याखेरीज नव्याला अर्ज करण्यात अडथळा येतो. त्यामुळे किल्ली घेतानाच वीजजोडणीचा क्रमांक आणि जुन्या नोंदीची स्थिती विचारून घ्यावी. दोन्ही लाभांसाठी वैध भाडेकरार हाच पहिला दस्तऐवज ठरतो.

घाई टाळावी

नव्या शहरात पहिल्याच आठवड्यात वर्षभराचा करार करण्याऐवजी पहिला महिना कामाच्या जवळ पेइंग गेस्ट म्हणून किंवा सहकाऱ्याबरोबर राहावे. त्या काळात सकाळी कार्यालय भरण्याच्या वेळी आणि रात्री आठनंतर निवडलेल्या वसाहतीत प्रत्यक्ष जाऊन यावे. शेवटची बस किती वाजता, दवाखाना व किराणा किती अंतरावर आणि पथदिवे लागतात का, हे जाहिरातीत कळत नाही. आषाढात घर बदलणे अशुभ मानण्याची येथे प्रथा आहे. त्यामुळे त्या महिन्यात रिकाम्या घराचा मालक भाड्याबाबत बोलणी करण्यास अधिक राजी असू शकतो. आधी दिशा, मग पाणी, त्यानंतर करार आणि शेवटी भाडे, या क्रमाने पाहिल्यास म्हैसूरमध्ये मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला ऐपतीत बसणारे आणि टिकणारे घर मिळू शकते.