मांडवीने शिकविलेला धडा

काँक्रीटचा पूल एकदा उभा राहिला की दोन पिढ्यांनी निर्धास्त राहावे, असा समज आपल्याकडे दृढ आहे. पणजीच्या मांडवी नदीवरील नेहरू पुलाने ५ जुलै १९८६ रोजी तो खोटा ठरविला. १९७० साली खुला झालेला हा पूल अवघ्या सोळा वर्षांत कोसळला आणि राजधानीच्या प्रवाशांना पुन्हा फेरीबोटींची वाट पाहत तिष्ठावे लागले.

काँक्रीट दाब सोसते, पण ताणापुढे दुबळे ठरते. म्हणून त्यात पोलाद घालावे लागते. या पुलात तर पोलादी तारा आधीच ताणून बसविलेल्या होत्या. एरवी काँक्रीट पोलादाचे गंजापासून रक्षण करते. परंतु मांडवीत भरतीबरोबर खारे पाणी येते आणि त्यातील क्षार आत झिरपले की ते कवच निकामी होते. साधी सळई गंजली तर फुगते, वरचा थर फोडते आणि निदान डोळ्यांना दिसते. ताणलेली तार मात्र आतल्या आत झिजते व एके दिवशी अकस्मात तुटते.

हा रोग आपल्यापुरताच आहे, असेही नाही. १४ ऑगस्ट २०१८ रोजी इटलीतील जिनोआ शहरात पोल्चेवेरा नदीवरील मोरांदी पूल पडून ४३ माणसे प्राणास मुकली. त्याचे पोलादी ताणही काँक्रीटने वेढलेले होते. तीन मनोऱ्यांपैकी एकाच्या ताणांना १९९०च्या दशकात पूर्ण जोड देण्यात आली होती. कोसळला तो दुसराच. म्हणजे रोग ठाऊक होता, उपचारही ठाऊक होता. उणीव होती ती वेळीच हात चालविण्याची.

मांडवीवर पुढे नवे पूल झाले, २०१९ मध्ये अटल सेतूही उभा राहिला. परंतु पुलांची संख्या वाढली म्हणजे दक्षता वाढली, असे मानणे ही आत्मवंचना होय. उद्घाटनाच्या कोनशिलेवर नावे ठळक असतात. शेवटची तपासणी कोणी केली, केव्हा केली आणि तीत काय आढळले, हे मात्र रोज पुलावरून जाणाऱ्या नागरिकास कळत नाही. प्रत्येक पुलाचा तपासणी अहवाल दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध व्हावा आणि डागडुजीचा पैसा बांधकामाच्या खर्चातच राखून ठेवावा. तारा तुटताना आवाज देत नाहीत. आवाज आपणच उठवावयास हवा.