राखणदारालाही लस टोचा

लाळ्या-खुरकुताची लस टोचायला डॉक्टर गावात आले की गोठ्यातून बैल सोडून आणतात. पण दाराशी बसलेल्या कुत्र्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बैलाला पैसे मोजलेले असतात, कुत्रा आपला आपण येऊन राहिलेला असतो, हेच कारण असावे. मांजराची तर गोष्टच सोडा. पण लाळ्या-खुरकुताने माणूस मरत नाही. कुत्रा पिसाळला तर मरतो.

ह्या रोगाला रेबीज म्हणतात. त्याचे विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून, चाव्यावाटे किंवा ओरखड्यावाटे अंगात शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने सावकाश मेंदूकडे सरकतात. ह्या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. चावा तोंडावर किंवा मानेवर असला तर वाट जवळची, म्हणून लहान मुलांना धोका अधिक. एकदा पाण्याची भीती वाटू लागली की उपाय जवळजवळ राहतच नाही. विषाणू वाटेत असतात तोवरच लशीला अवसर! १८८५ साली पाश्चर ह्यांनी जोसेफ मेस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, ती ह्याच अवसरात.

पण चावा होईपर्यंत थांबायचेच कशाला? पिलू तीन महिन्यांचे झाले की त्याला पहिली टोचणी द्यावी, पुढची डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मग दर वर्षी एक. मांजरालाही हेच. “आमची मनी घरातच असते,” असे म्हणतात खरे; रात्री ती कोणाच्या छपरावर असते ते तिलाच ठाऊक. दहांतली सात कुत्री टोचलेली असली तर रोगाचा फैलाव अडतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. कुत्री मारून हे साधत नाही. मेलेल्याच्या जागी दुसरे, न टोचलेले येते. गोव्यात कुत्री धरून टोचण्याचा मार्ग नेटाने चालवला, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलाच आहात तर जंताचे औषधही मागून घ्या. कुत्र्याच्या पोटातल्या जंतांची अंडी अंगणातल्या मातीतून मुलांच्या पोटात जातात. दीड-दोन महिन्यांच्या पिलाला पार्व्होच्या लशीचे विचारा. रक्ताची हगवण लागून पिले पटापट मरतात, ती बहुधा ह्याच रोगाने.

आणि चावलेच तर? जखमेत मिरचीपूड नको, चुना नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. बेंबीभोवतीच्या चौदा सुयांचे भय आता नको. त्या जुन्या लशीचे उत्पादन आपल्या देशात २००४ साली बंद झाले. आता दंडावर चार-पाच वेळा टोचतात, जखम खोल असली तर तिच्यात वेगळे औषधही भरतात. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी. पण म्हणून सुई लांबणीवर टाकू नये. पिलांशी खेळताना झालेला ओरखडा मुले मार बसेल म्हणून घरी सांगत नाहीत. गुरुजींनी वर्गात अधूनमधून विचारावे, न रागावता.