सहा महिने कोणाचे?

गाय व्याली की तिचा चीक अर्धापूर भागात शेजारीपाजारी जातो, त्याचा खरवस होतो. बाईच्या पहिल्या दाट, पिवळसर दुधालाही आपल्याकडे शब्द तोच आहे: चीक. तो मात्र ‘बाळाला जड’ म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाच्या जिभेवर मध किंवा गुळाचे पाणी ठेवायचे, ही रीत मराठवाड्यात अगदी कालपरवापर्यंत होती. रोगप्रतिकारक द्रव्ये सर्वांत जास्त असतात ती नेमकी याच दुधात.

‘निव्वळ स्तनपान’ म्हणजे पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही नाही. गुटी नाही, पाणीही नाही. औषध आणि जलसंजीवनी तेवढी चालते. पाण्याची मनाई आपल्या उन्हाळ्यात लोकांना निर्दयपणा वाटते; पण आईच्या दुधात शेकडा सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते, आणि तहान लागलेले बाळ जास्त वेळा पिते. वाटी-चमच्याने दिलेले पाणी पोट भरते, दूध कमी करते, आणि हगवणीला वाट देते. आपले उष्टावण पाचव्या-सहाव्या महिन्यात येते, म्हणजे परंपरा या हिशेबापासून फार लांब नव्हती.

हे वाक्य जागतिक धोरणात सहजासहजी आलेले नाही. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापूरच्या एका भाषणात डब्याच्या दुधाच्या प्रचाराला बालहत्येच्या पंक्तीत बसवले होते. मे १९८१मध्ये जागतिक आरोग्य सभेने अशा दुधाच्या विक्रीप्रचारावर संहिता मंजूर केली. बाजूने ११८ मते, विरोधात एकटी अमेरिका. भारतात चळवळीची एक महत्त्वाची गाठ महाराष्ट्रातच बांधली गेली: ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्याला ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ स्थापन झाले. पुढच्याच वर्षी कायदा झाला, १ ऑगस्ट १९९३पासून लागू झाला, २००३मध्ये आणखी कडक झाला. शिफारस मात्र २००१पर्यंत ‘चार ते सहा महिने’ अशी सैल होती. त्या दोन महिन्यांच्या फटीत डब्यातल्या बाळान्नाचा बाजार बसला होता, असे माझे मत आहे.

आकडे हलले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशातले निव्वळ स्तनपान ५४.९ टक्के होते, पाचव्या फेरीत ६३.७. पण त्याच दोन फेऱ्यांत दवाखान्यातली बाळंतपणे ७८.९वरून ८८.६ टक्क्यांवर गेली, आणि जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे ४१.६वरून जेमतेम ४१.८वर आली. म्हणजे दोष एकट्या आजीच्या मधाच्या बोटाचा नाही.

आणि मग रोजगार. २०१७च्या दुरुस्तीने पगारी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, म्हणजे १८२ दिवस, बरोबर सहा महिने. ती संघटित क्षेत्रातल्या बाईला. अर्धापूरच्या केळीत खुरपणाला किंवा हळद काढायला रोजाने जाणाऱ्या बाईचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नसते. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये कबूल केले. मातृवंदना योजना पहिल्या बाळाला ५,००० देते, आणि दुसऱ्या खेपेस मुलगी झाली तरच ६,०००. पाच हजार भागिले १८२: दिवसाला सत्तावीस रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२४-२५चा दर दिवसाला २९७ होता.

म्हणून सव्वा महिना उलटला की ती कामावर निघते. बाळ झोळीत, नाहीतर घरी आजीजवळ. दुपारी आजी वरचे दूध पाजते: गाईचे, पाणी घातलेले. तिथे डबा नाही, जाहिरात नाही, कंपनी नाही. १९९२चा कायदा पकडणार कोणाला? गावागावांत भिंतीवर ‘सहा महिने फक्त आईचे दूध’ लिहिलेले असते. ते सगळे आईला उद्देशून. मालकाला, सरकारला उद्देशून एक ओळ नसते.

तमिळनाडूची मुथुलक्ष्मी रेड्डी योजना रोख आणि वस्तू मिळून १८,००० रुपये देते. त्याच भागाकाराने दिवसाला नव्व्याण्णव.