खोपोलीची गाडी आणि संगणकांच्या वाटा

कर्जतहून सुटलेली गाडी पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करीत खोपोलीस थांबते. पुढे रूळच नाहीत. लौजीच्या माणसाला नागपूरला जायचे झाले, तर देशाचे वेळापत्रक कशाला हवे? ‘आधी कर्जत गाठा’, एवढे पुरे.

संगणकांच्या जाळ्यात वाट दाखविणारे यंत्र म्हणजे राउटर. ओएसपीएफ पद्धतीत (हिची १९९८ सालची आवृत्ती आजही चालते) प्रत्येक राउटर आपल्या विभागाचा नकाशा बाळगतो. मुख्य विभागाचा क्रमांक शून्य. टोकाच्या विभागाला ‘स्टब’, म्हणजे खुंटलेला, ठरविले की जाळ्याबाहेरच्या वाटांची लांबलचक यादी आत येत नाही. सीमेवरचा राउटर म्हणतो, ‘बाकीचे सारे माझ्याकडे धाडा.’ लहान यंत्राचे ओझे तेवढेच हलके.

पण खोपोलीहून बोरघाटाने पुण्याची सडकही निघते ना! विभागातूनच अशी बाहेरची वाट फुटली, तर स्टबमधून तिची वर्दी इतरांना देता येत नाही. तेथे ‘एनएसएसए’ हा प्रकार योजावा.

आणि विभागातल्या प्रत्येक राउटरवर प्रकार एकच लिहा. एकावर स्टब, दुसऱ्यावर साधा, असे झाले की दोघे एकमेकांना शेजारी मानीत नाहीत. दिवे लागलेले, तार शाबूत, निरोप मात्र जात नाही. आणि आपण बसतो तारा बदलीत!