राजदूताच्या सहीचा निकाल

जपानच्या सर्वोच्च न्यायालयात पंधरा न्यायाधीश असतात. त्यांतल्या पाच जणांनी नेमणुकीपूर्वी आयुष्यात एकदाही कोर्टाची पायरी चढलेली नसली, तरी कायद्याची हरकत नाही! १९४७ च्या न्यायालय कायद्याप्रमाणे किमान दहा जण न्यायाधीश, वकील, सरकारी वकील किंवा कायद्याचे प्राध्यापक म्हणून मुरलेले हवेत. उरलेल्यांनी चाळिशी गाठलेली असावी, दृष्टी व्यापक असावी आणि कायद्याची जाण असावी, एवढे पुरे.

या वाटेने परराष्ट्र खात्यातली माणसे थेट न्यायासनावर येतात. पहिल्याच पंधरांमध्ये शिगेरू कुरियामा हे मुरब्बी राजनैतिक अधिकारी होते. लंडनमध्ये राजदूत राहिलेले केइइची हायाशी २०१७ मध्ये आले, त्यांच्यानंतर यासुमासा नागामिने आणि २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत जपानची बाजू मांडणारे किमिहिरो इशिकाने. परराष्ट्र खात्यासाठी जागा राखून ठेवा, असे कायद्यात कुठेही नाही. हा निव्वळ प्रघात. अशा न्यायाधीशांना कायद्याचा कीस पाडायला अनुभवी न्यायाधीशांचा संशोधक-वर्ग हाताशी असतोच.

खरी गंमत पुढेच आहे. राजदूत जन्मभर सरकारचे म्हणणे मांडतो. त्याचे खासगी मत कुणी विचारत नाही आणि त्याने ते सांगूही नये. जपानच्या खालच्या न्यायालयांतही न्यायाधीशांचे मतभेद बंद दाराआडच राहतात. सर्वोच्च न्यायालयात मात्र प्रत्येकाचे मत निकालपत्रात नोंदलेच पाहिजे, असे कायदा सांगतो. दुसऱ्याच्या वतीने बोलण्यात हयात घालवलेल्या माणसाला तिथे स्वतःच्या नावाने बोलावे लागते.

मग तो काय बोलतो? ४ एप्रिल १९७३ चा निकाल पाहा. आई-बाप वा आजी-आजोबांच्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप, याहून कमी शिक्षाच न ठेवणारे कलम पूर्णपीठाने घटनाबाह्य ठरवले. संसदेचा कायदा या न्यायालयाने रद्दबातल ठरवण्याची ती पहिलीच वेळ. वर्षानुवर्षे बापाचे अत्याचार सोसून अखेर त्याचा जीव घेणाऱ्या मुलीचा तो खटला होता. चौदा न्यायाधीश एका बाजूला आणि विरोधात एकटे ताकेसो शिमोदा, अमेरिकेतले माजी राजदूत! असा फेरबदल संसदेने करावा, न्यायालयाने नव्हे, अशी त्यांची भूमिका होती.

यावरून परराष्ट्र खात्यातला माणूस सत्तेचाच कैवार घेणार, असे वाटेल. पण त्याच खात्यातून १९९५ मध्ये आलेले हिरोशी फुकुदा पाहा. वरिष्ठ सभागृहाच्या २००१ च्या निवडणुकीत एका मतदारसंघातल्या मताचे वजन दुसऱ्यातल्या मताच्या पाचपटीहून अधिक होते. २००४ मध्ये नऊ न्यायाधीशांनी ते चालवून घेतले, सहांनी नाही. त्या सहांत फुकुदा होते. संसदेचा पायाच विषम असेल तर तिच्यापुढे न्यायालयाने किती नमावे, हा त्यांचा प्रश्न.

आपल्या राज्यघटनेच्या कलम १२४ मध्येही वकील वा न्यायाधीश नसलेल्या नामवंत विधिज्ञाला सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. आजवर त्यातून एकही जण आत आलेला नाही. जपानने आपले दार सतत वापरले. एकाच खात्यात घडलेली दोन माणसे तिथे दोन टोकांना उभी राहिली, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांचे मत आधीच ठरलेले असते ही आपली भीती किती पोकळ!