वेटेड ब्लँकेट आणि वजनाचं जाकीट: चंचल मुलांना खरंच फायदा होतो का?

रात्रीचे अकरा वाजलेत. घरातले सगळे झोपलेत, पण सात वर्षांचं पोर अजून अंथरुणात तळमळतंय. आई मोबाइल हातात घेते आणि समोर एक रील येते. राखाडी रंगाचं जाड ब्लँकेट अंगावर टाकताच एक मूल गाढ झोपतं. खाली लिहिलेलं असतं, 'ऑटिझम, एडीएचडी आणि झोपेच्या तक्रारींवर उपाय'. किंमत काही हजार रुपये.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत टोमॅटो-कांद्याच्या भावावर घराचं गणित चालतं. तिथं हे काही हजार रुपये लहान रक्कम नाही. पुण्यातल्या थेरपिस्टकडे जायचं तर दिवस मोडतो, ब्लँकेट मात्र कुरिअरने घरी येतं. त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. पण ऑर्डर देण्याआधी काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

ही वस्तू नेमकी काय असते?

वेटेड ब्लँकेट म्हणजे वजन भरलेलं पांघरूण. त्यात छोटे छोटे कप्पे शिवलेले असतात आणि त्या कप्प्यांत काचेचे किंवा प्लास्टिकचे बारीक मणी भरलेले असतात. वेटेड व्हेस्ट म्हणजे वजनाचं जाकीट. त्याच्या खिशांत छोटी वजनं ठेवतात आणि मुलाने ते वर्गात किंवा अभ्यासाला बसताना घालावं असं सांगितलं जातं. ब्लँकेट झोपेसाठी आणि जाकीट लक्ष लागण्यासाठी, अशी साधारण विभागणी आहे.

विक्रेते 'मुलाच्या वजनाच्या १० टक्के' असा नियम सांगतात. हा नियम सोयीसाठी रूढ झालेला आहे. इतकंच वजन योग्य, असं कुठल्या ठोस अभ्यासातून सिद्ध झालेलं नाही.

वजनाने शांत का वाटतं?

यामागची कल्पना आपल्याला नवी नाही. तान्ह्या बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, रडणाऱ्या पोराला कुशीत आवळून धरतात. थंडीत आजीच्या जड गोधडीखाली झोप चांगली लागते, हा अनुभव अनेकांचा असतो. अंगावर सगळीकडून सारखा दाब आला की पुष्कळांना सुरक्षित वाटतं.

अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत याला सिद्धांताचं रूप दिलं. स्पर्श, तोल आणि स्नायू-सांध्यांतून येणाऱ्या संवेदना काही मुलांच्या मेंदूत नीट जुळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. अशा मुलाला शर्टाचं लेबल टोचतं, मिक्सरचा आवाज सहन होत नाही, नाहीतर ते सतत उड्या मारत, आपटत राहतं. योग्य संवेदना दिल्या तर ते सावरतं, असा हा विचार आहे.

दुसरं नाव टेम्पल ग्रँडिन यांचं. त्या स्वतः स्वमग्न आहेत आणि पुढे पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. किशोरवयात मावशीच्या पशुफार्मवर त्यांनी गुरांना पकडून ठेवणारा सापळा पाहिला. आपल्याकडे जनावरांच्या दवाखान्यासमोर खोडा असतो, त्याच जातीचा. दोन्ही बाजूंनी दाब आल्यावर काही गुरं शांत होतात, हे पाहून त्यांनी स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं. त्यातला दाब किती आणि किती वेळ हवा, हे त्या स्वतः ठरवत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा आहे.

अभ्यास काय सांगतात?

ब्लँकेटबद्दलचा एक महत्त्वाचा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झोपेची तक्रार असलेल्या ५ ते १६ वर्षांच्या ६७ स्वमग्न मुलांनी काही दिवस वजनाचं आणि काही दिवस साधं ब्लँकेट वापरलं. झोप उपकरणाने मोजली. वजनाच्या ब्लँकेटमुळे मुलं जास्त वेळ झोपली नाहीत, लवकर झोपली नाहीत आणि रात्री उठणंही कमी झालं नाही. गंमत म्हणजे, तरीही मुलांना आणि पालकांना वजनाचंच ब्लँकेट जास्त आवडलं.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, असलेल्या ९४ मुलांवर स्वीडनमध्ये असाच अभ्यास झाला. तिथे झोप थोडी वाढलेली दिसली, पण ती वाढ रात्रीमागे मोजक्या मिनिटांची होती.

जाकिटाबद्दलचं चित्र आणखी धूसर आहे. २००१ मध्ये अमेरिकेत चार मुलांवर झालेल्या छोट्या अभ्यासात जाकीट घातल्यावर मुलं कामाला जास्त वेळ चिकटून राहिली. तैवानमध्ये एडीएचडी असलेल्या ११० मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही लक्ष देण्याच्या चाचणीत काही फायदा दिसला. पण तो चाचणीपुरता होता. रोजच्या वर्गात, महिनोन् महिने काय होतं, हे त्यातून कळत नाही. त्याआधी २००९ मध्ये दोन संशोधकांनी तोवरचे जाकिटाचे अभ्यास एकत्र तपासले आणि 'हे उपयोगी आहे असं म्हणता येत नाही' असा निष्कर्ष काढला.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये डॉक्टरांना सांगितलं, की संवेदनांवर आधारित थेरपी सर्वांगीण उपचाराचा एक भाग म्हणून चालेल, पण तिचे पुरावे मर्यादित आहेत हे पालकांना स्पष्ट सांगा.

मग घरी दिसणारा फरक खोटा का?

खोटा नाही, पण तो कशामुळे पडला हे सांगणं अवघड असतं. नवीन ब्लँकेट आलं की घरात आपोआप बाकीचं बदलतं. मुलाला वेळेवर अंथरुणात नेलं जातं, टीव्ही बंद होतो, आई शेजारी बसते. वर्गात जाकीट घातलेल्या मुलाकडे बाईंचं जास्त लक्ष जातं. फरक या सगळ्याचा असू शकतो. म्हणूनच नीट अभ्यासात तसंच दिसणारं, पण वजन नसलेलं ब्लँकेटही देऊन पाहतात.

मुलाला बरं वाटतं, ही गोष्टही मोलाची आहेच. पण 'आवडतं' आणि 'आजारावर उपाय आहे' यांत फरक आहे. जाहिरात पहिल्याचे पैसे दुसऱ्याच्या नावावर घेते.

धोका कुठे आहे?

ग्रँडिन यांच्या यंत्राचं नियंत्रण त्यांच्याच हातात होतं. मुलाच्या हातात ते नसेल, तर वजन जिवावर बेतू शकतं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात २००८ मध्ये एका शाळेत वजनाच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या ९ वर्षांच्या स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला. अमेरिकेत २०२२ मध्ये ४ आणि ६ वर्षांच्या दोन मुली ब्लँकेटच्या खोळीची चेन उघडून आत शिरल्या आणि गुदमरून दगावल्या. त्यानंतर तशी सुमारे २ लाख ४ हजार ब्लँकेटं बाजारातून परत मागवली गेली.

म्हणून काही नियम पक्के ठेवा. तान्ह्या बाळावर वजनाचं काहीही टाकू नका. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी २०२२ मध्ये तसं स्पष्ट बजावलं आहे. ज्या मुलाला पांघरूण स्वतः बाजूला सारता येत नाही, त्याच्यासाठी ते नाही. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास किंवा स्नायूंची कमजोरी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. डोकं आणि तोंड कधीही झाकायचं नाही. शिक्षा म्हणून किंवा मुलाला जागेवर बसवून ठेवण्यासाठी तर कधीच नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात, वीज गेलेली असताना, जाड पांघरुणाखाली मुलाचं अंग तापतं, हेही ध्यानात ठेवा.

जाकिटाचा हिशोबही करून पाहा. २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं. २० किलोच्या मुलासाठी ही मर्यादा २ किलो होते. त्यावर तेवढ्याच वजनाचं जाकीट चढवलं, तर ते पोर ४ किलो ओझं वाहतं.

घरची गोधडी चालेल का?

मुलाला दाब आवडतो का, एवढंच पाहायचं असेल तर घरातली जड गोधडी पुरते. वरचे नियम तिलाही लागू आहेत. फक्त घरच्या घरी वाळू, बाजरी किंवा मणी भरून पांघरूण शिवू नका. शिवण उसवली तर दाणे लहान मुलाच्या नाका-घशात जातात आणि धान्याला कीड लागते ती वेगळीच.

दाब आणि मेहनतीची संवेदना कामातूनही मिळते. कणीक मळणं, भरलेली कळशी उचलणं, उशांची चळत ढकलणं, झाडावर चढणं ही कामं ऑक्युपेशनल थेरपिस्टही सुचवतात. बिबट्याच्या भीतीने या भागात मुलं संध्याकाळी लवकर घरात येतात. त्यामुळे दिवसाउजेडी अंग दमेल असा खेळ झाला, तर रात्रीची झोप सोपी जाते.

जुन्नर-आंबेगावात आधी कुठे जायचं?

आधी हे तपासायला हवं, की मूल चंचल का आहे? ऐकू कमी येणारं किंवा फळ्यावरचं न दिसणारं मूलही वर्गात 'लक्ष देत नाही'. अंगात लोह कमी असलेल्या काही मुलांचे पाय रात्री स्वस्थ राहत नाहीत. ब्लँकेटने यातलं काहीच बरं होत नाही.

यासाठी सरकारी वाट आहे आणि ती मोफत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या या तपासणीत श्रवण, दृष्टी, रक्तक्षय, स्वमग्नता, अध्ययन अडचणी आणि एडीएचडी हे सगळं येतं. अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा वर्गशिक्षकांना 'पथक कधी येणार?' एवढं विचारलं तरी सुरुवात होते. पथकाची वाट पाहायची नसेल, तर मंचरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जुन्नर, नारायणगाव, घोडेगावची ग्रामीण रुग्णालयं आहेत. पुढच्या तपासणीसाठी तिथून जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मागता येते. आहुपे किंवा नाणेघाटाकडच्या वाड्यांतून पुण्याला फेऱ्या मारणं सोपं नाही. त्यामुळे पहिल्याच भेटीत घरी करायचे व्यायाम आणि सूचना कागदावर लिहून मागा.

खासगी थेरपिस्टकडे जाणार असाल, तर त्यांची नोंदणी विचारा. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य परिषद आहे. ही विद्या आपल्याकडे नवखीही नाही. कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं.

स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहेत. केवळ एडीएचडी त्या यादीत नाही. स्वमग्न मुलासाठी 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही समावेश होतो.

तरीही वापरून पाहायचं असेल तर?

थेरपिस्टशी बोलून, मोजून वापरा. एक वही करा. आठवडाभर साधं पांघरूण, आठवडाभर वजनाचं, मग पुन्हा साधं. मूल किती वाजता झोपलं आणि किती वेळा उठलं, एवढंच लिहा. बाकी दिनक्रम तोच ठेवा. जाकिटासाठी बाईंना रोज एकच गोष्ट लिहायला सांगा, मूल किती मिनिटं जागेवर बसलं. महिन्याभरात वहीत फरक दिसला नाही, तर ती वस्तू बाजूला ठेवा. आणि मुलाने 'नको' म्हटलं, किंवा बोलता न येणाऱ्या मुलाने ते ओढून काढलं, तर त्याच क्षणी थांबा. त्याचं अंग त्याला जास्त कळतं.